रकाना : इतर

सावद्याच्या जनावरांच्या दवाखान्यातलं रजिस्टर
सतरा वर्षं मीच भरते.
बैल. गाय. म्हैस. शेळी. कोंबडी.
शेवटी बोटभर रुंदीचा रकाना : इतर.
त्यात कधी एखादं कुत्रं,
एकदा सर्कशीतला उंट,
गावाचं नाव न सांगताच पुढे गेलेला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर होता.
लुकमान तडवी गोणपाट पोटाशी धरून आला.
"ताई, झाडावरून पडी राह्यले."
मला वाटलं, कैऱ्या.

सुकीकाठच्या चिंचेवरची वडवाघळं.
सोळा. सगळ्या माद्या, सगळ्या मेलेल्या,
आणि एकेकीच्या छातीला एकेक पिल्लू
डोळे उघडे ठेवून अजून ओढत होतं.
मी रजिस्टर उघडलं.
मिटलं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, हातमोजे घाला, वनखात्याला कळवा.
वनरक्षक दुसऱ्या दिवशी आला, पंचनामा केला,
पाणी प्याला, आणि हळूच विचारलं :
"जगतील का हो?"

शेळीचं दूध, निम्मं पाणी, दोन मिलीची सिरिंज,
दर तीन तासांनी.
पण टांगायचं कशाला?
भाचीने निंबावरचा आखाजीचा झोका सोडून दोर आणून दिला.
म्हणाली, आमचं गाऊन झालं.
त्या दोराला मच्छरदाणीच्या चिंध्या,
चिंध्यांना उलटी सोळा तोंडं,
रात्री दोनला दूध पाजताना
मीच छताला लटकल्यासारखी.

गोदूमावशी कुंपणापलीकडून :
"तुले काय येड लागलं का वं?
रोग असतो त्याच्या अंगात."
असेल.
मी हात कोपरापर्यंत धुते, भीते,
पुन्हा सिरिंज भरते.

पाच गेली. पहिल्याच आठवड्यात.
इतरच्या बोटभर जागेत पाच वेळा 'मृत' मावेना,
म्हणून शेऱ्याच्या रकान्यात घुसले.
तपासणीला आलेल्या साहेबांनी तिथे लाल गोल केला.
असू दे.

लुकमानचं डोकं वेगळं चालतं.
केळीतली टाकून दिलेली ठिबकची नळी
तो चिंचेच्या शेंड्यापर्यंत घेऊन गेला.
दुपारी तुषार उडवायचे, झाड भिजवायचं.
पण वीज इथे रात्री येते,
आणि रात्री वडवाघळं झाडावर नसतात.
चार रात्री आम्ही रिकामी चिंच भिजवली.

मग पुंडलिक फेगडे.
त्याचा पंप सोलरचा.
पेरूची बाग या वाघळांनी खाल्ली म्हणून
मागच्या साली याच झाडाखाली त्याने फटाके लावले होते.
कपाळावर हात धरून तो चिंचेकडे बघत राहिला.
त्याची स्वतःची केळी त्या घटकेला
पानापानाने करपत होती.
"एक तास," म्हणाला. "दीड नाही."
आणि जाता जाता, "पेरूचं मी विसरलेलो नाही."
पाऊस लागेपर्यंत
रोज एक ते दोन पाणी आलं.
कधी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत.
कुणी बोललं नाही.

भादव्यात अकरा जणांना पंख आवरेनात.
जुन्या गोठ्यात जाळी बांधून त्यांना उडायला शिकवलं,
म्हणजे मी कोपऱ्यात बसून राहिले,
ती आपली आपण शिकली.
नावं ठेवली नव्हती.
मुद्दामच.

अमावस्येच्या आसपास चिंचेखाली जाळी सोडली.
दहा गेली.
अकरावं माझ्या बाहीला लटकून,
सिरिंजचा वास शोधत.
लुकमान म्हणाला, "बत्ती बंद करा ताई."
मी बंद केली.
बाही हलकी झाली तो क्षण
मला नेमका सांगता येणार नाही.

आता शिमग्याआधीच ऊन टोचतंय.
लुकमान चिंचेवर चढून नळीची तोंडं साफ करतोय,
खालून मी मोजायचा प्रयत्न करते,
चुकते, पुन्हा मोजते.
गेल्या साली होती तेवढी नाहीत.

नवं रजिस्टर आलंय, कोरं.
पट्टी घेऊन रकाने मीच आखले.
बैलाचा अरुंद केला,
बैल आता येतातच किती.
जेवढी जागा उरली
तेवढी इतरला दिली.